ग्रेडल ६.८ जावा २१ वर चालेना, गिऱ्हाइकाकडे जावा ८

सांगलीकर:
मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी मी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहितो. दुकानांतल्या जुन्या मशिनांवर जावा ८ आहे, ते बदलणार नाही. नव्या लॅपटॉपवर जावा २१ टाकलं आणि ग्रेडलनं (कोडपासून प्रोग्राम बांधणारं साधन) सुरुवातीलाच मान टाकली: 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. सौदे तोंडावर आलेत. लॅपटॉपवर २१ आणि दुकानांत ८, दोन्ही जमेल का?

मिरजकर:
दादा, ६५ हा जावा २१ च्या क्लास फाइलचा, म्हणजे तयार झालेल्या कोडच्या फाइलचा, आकडा. जावा ८ चा आकडा ५२. ग्रेडल ज्या जावावर चालतं आणि कोड ज्या जावासाठी बनतो, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. २१ वर चालायला ग्रेडल ८.५ लागतं. पण एकदम उडी नको. आधी जावा ८ वरच ७.६ पर्यंत या. ७.० मध्ये लायब्ररी जोडायचा 'कंपाइल' हा शब्द काढून टाकलाय, तिथं 'इम्प्लिमेंटेशन' लिहा. रॅपर (ठरलेलं ग्रेडल आपणहून उतरवून चालवणारी छोटी स्क्रिप्ट) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, ठेवा, म्हणजे सगळ्यांकडे एकच आवृत्ती.

विटेकर:
नुसत्या 'टार्गेट ८' (जावा ८ साठी कोड बनव, ही सेटिंग) वर विसंबू नका, मला फार महागात पडलंय. जावा ११ वर बिल्ड बिनबोभाट झालं आणि गिऱ्हाइकाकडे जावाच्या बाइटबफर क्लासमधल्या 'फ्लिप' मेथडवर 'नो सच मेथड एरर', म्हणजे अशी मेथड सापडत नाही. भर सौद्यात छपाई बंद! 'ऑप्शन्स.रिलीज' ८ ठेवा, मग कंपायलर जावा ८ चीच एपीआय (जावासोबत मिळणारे तयार क्लास आणि मेथड) बघतो. २१ इशारा देईल, पण काम करेल.

सांगलीकर:
'कंपाइल' तीन ठिकाणी निघालं. ८.५ वर आलो, रिलीजची ओळ दोन्ही मॉड्यूलांत घातली. दुकानातल्या मशिनवर आत्ताच पट्टी छापली. दोघांचे मनापासून आभार.