३००बी या पॉवर व्हॉल्व्हसाठी ड्रायव्हर (त्याला सिग्नल पुरवणारा) व्हॉल्व्ह कोणता?

प्रश्न (इंदूर): आजोबांकडच्या कुमार गंधर्वांच्या रेकॉर्ड ऐकायला ३००बीचा सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असलेला) अ‍ॅम्प्लिफायर बांधतोय. ड्रायव्हरला १२एएक्स७ चालेल? गेन (सिग्नल किती पट वाढतो) १००, म्हणून मोह होतोय.

उत्तर: नको दादा! ३००बीच्या ग्रिडला (सिग्नल जिथे द्यायचा त्या टोकाला) ६०-७० व्होल्ट पीक स्विंग हवा, वर मिलर कपॅसिटन्सचा (व्हॉल्व्हच्या गेनमुळे वाढलेल्या इनपुट कपॅसिटन्सचा) भार. १२एएक्स७चा प्लेट रेझिस्टन्स (व्हॉल्व्हचा आतला रोध) ६०,००० ओहमच्या आसपास, त्यामुळे या भारावर तानपुऱ्याची वरची झळाळीच मरते. ६एसएन७ घ्या: गेन २०, रेझिस्टन्स साधारण ७,७०० ओहम.

दुसरे उत्तर: सहमत. पण ६एसएन७च्या एका बाटलीत दोन ट्रायोड (स्वतंत्र व्हॉल्व्ह) असतात, त्यातल्या एकावरच गेन तोकडा पडेल. दोन्ही एकामागे एक जोडा.

प्रश्नकर्ता: आभार काका! ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला टाकतोय, हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वाइंडिंगचं काय सांगू?

उत्तर: ६.३ व्होल्ट, दर ६एसएन७ला ०.६ अँपिअर. ३००बीचं ५ व्होल्टचं वाइंडिंग प्रत्येकाला वेगळं मागा.