४० यार्डांची वेळ आणि वाइड रिसीव्हरची पारख
अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर (पास झेलणारा आक्रमक खेळाडू) निवडताना ४० यार्डांच्या धावेची वेळच निर्णायक मानावी, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. जॉन रॉसने २०१७ च्या कंबाइनमध्ये (व्यावसायिक लीग एनएफएलमधील निवडीआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४.२२ सेकंदांचा तत्कालीन विक्रम केला आणि सिनसिनाटीच्या संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नवव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात मात्र त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही (दुखापतीही होत्या, हे मान्य). याउलट अलाबामा विद्यापीठाच्या वाइड रिसीव्हर डेव्होंटा स्मिथचे वजन जेमतेम १७० पौंड म्हणून अनेकांनी नाके मुरडली, परंतु भरवेगात असताना अचानक थांबून वळण्याची आणि बचावपटूचा हात अंगाला लागू न देता निसटण्याची त्याची हातोटी सामन्यांच्या चित्रफितींत स्वच्छ दिसत होती. २०२० च्या महाविद्यालयीन हंगामात त्याने ११७ झेल घेतले. फिलाडेल्फियाच्या संघाने २०२१ मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा वजनकाट्यापेक्षा या फितीच अधिक वेळा पाहिल्या गेल्या असाव्यात.