मदत हवी आहे : आजारी मुलाला दोन दिवस दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं कसं?

अर्धीझोप

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगा १७ वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी त्रास सुरू झाला. आधी नुसतं गप्प गप्प राहणं, शाळा बुडवणं, दिवसभर पांघरुणात. मागच्या वर्षी एकदम दुसरं टोक. पाच रात्री झोपला नाही, सहाव्या दिवशी इस्पितळात दाखल करावं लागलं. निदान बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी बेफाम तेजी. मनाचे हे चढउतार आवरणारं लिथियम हे औषध चालू आहे आणि गेले सात महिने गाडी रुळावर आहे. म्हणजे त्याची. माझं काही खरं नाही.

औषधांचं कपाट कुलपात असतं, किल्ली माझ्या गळ्यात. न्हाणीघराची आतली कडी आम्ही तेव्हा काढून टाकली, ती अजून लावलेली नाही. तो आत गेला की मी दाराबाहेर काहीतरी आवरत असल्याचं नाटक करते. पाण्याचा आवाज थांबला की मनात आकडे मोजायला लागते. रात्री भिंतीपलीकडे त्यानं कूस बदलली तरी मला जाग येते. नवऱ्याची फिरतीची नोकरी, महिन्यातले पंधरा दिवस तो घरी नसतो. धाकटी ११ वर्षांची आहे. परवा तिच्या दप्तरात शाळेच्या नाटकाची चिठ्ठी सापडली, नाटक होऊन आठवडा उलटला होता. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "तुला जमलं नसतंच ना." रागानं नाही हो. हिशेब सांगितल्यासारखं.

मागच्या महिन्यात समुपदेशक बाईंनी त्याच्याऐवजी मलाच एक प्रश्नावली भरायला दिली. घरच्या माणसावर सांभाळण्याचा भार किती आहे ते मोजणारी, झारिट नावाची. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. मला ६४ पडले. शाळेत कधी इतके पडले नव्हते म्हटलं, तर त्या हसल्या नाहीत. रेस्पाइट केअर हा शब्द त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. सांभाळणाऱ्याला थोडे तास किंवा थोडे दिवस मोकळं करायचं, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घ्यायची.

माझी बहीण दोन दिवस येऊन राहायला तयार आहे. मावशी-भाच्याचं चांगलं जमतं. अडचण माझीच आहे. तिला नेमकं काय काय सांगून ठेवायचं? आता बरं चाललंय तेव्हा करायचं, की ते बिघडलं तर लागेल म्हणून राखून ठेवायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याला काय सांगू? 'तुझ्यापासून सुट्टी हवी आहे' हे कुठल्या तोंडानं सांगतात?

'सकारात्मक राहा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ते घरबसल्या भरपूर मिळतात.

पारिजातक

ताई, आधी त्या ६४ गुणांबद्दल. माझे किती होते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. असो.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, तिला तीव्र नैराश्य आणि चिंतेचे झटके येतात. आम्ही पहिल्यांदा एकदम तीन दिवसांचा घाट घातला आणि दुसऱ्या सकाळी परत आलो. सतत फोन करून मी मुलीला आणि आत्याला दोघींना हैराण केलं होतं. नंतर शहाणपण आलं. पहिल्यांदा आत्या घरी आली आणि मी शेजारच्या खोलीत दार लावून पडले. तसं दोनदा केलं. मग मी दोन तास बाहेर, मग दिवसभर, आणि मग एक रात्र. सराव मुलीपेक्षा मलाच जास्त लागला.

आणि राखून ठेवू नका. बिघडल्यावर नव्या माणसाला पहिल्यांदा बोलावणं म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकणं. बरे दिवस असतात तेव्हाच दोघांना एकमेकांची सवय होते.

तिरकस

मी वाईटपणा घेतो. मावशी प्रेमळ असेल, पण प्रेम म्हणजे तयारी नाही. रात्री दोन वाजता मुलगा भरभर बोलत येरझाऱ्या घालायला लागला तर ती काय करणार? तुम्हाला फोन. मग तुमची विश्रांती कुठे राहिली?

दुसरं, मुलाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार सध्या आहेत का? 'बरा आहे' हे तुमचं मत झालं. डॉक्टरांनी हल्लीच्या भेटीत त्याला तसं सरळ विचारलंय का? विचार असतील तर ही सुट्टीची वेळ नाही, उपचाराची आहे, आणि त्या जागी मावशी उपयोगाची नाही.

अर्धीझोप

@तिरकस, वाईटपणा वगैरे काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी माझ्यासमोर आणि मग मला बाहेर पाठवून, असं दोन्ही वेळा विचारलं. सध्या नाहीत. पण रात्री दोनचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, मला स्वतःलाच ते शब्दांत मांडता येत नव्हतं. तिनं काय करायचं हे मी कधी लिहून काढलेलंच नाही. सगळं माझ्या डोक्यात.

दुसरी_पाळी

मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे, रात्रपाळी संपवून लिहितेय, चुकलंमाकलं माफ.

आमच्याकडे पाळी बदलताना जे सांगतात तेच घरी कागदावर उतरवा. एकच पान. दोन पानं कुणी वाचत नाही. सगळ्यात वर फोन नंबर: डॉक्टर, जवळचं चोवीस तास उघडं असलेलं इस्पितळ, आणि तुमच्याआधी लावायचा एक नातेवाईक. तुमचा नंबर शेवटी. हे मुद्दाम सांगतेय.

मग औषधं. मावशीच्या हाती अख्खा साठा नको, दोन दिवसांच्या गोळ्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत, बाकी कुलपात. लिथियमबद्दल तिला चार गोष्टी पाठ हव्यात. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत, फोन करून विचारायचं. पाणी नेहमीसारखं भरपूर प्यायला हवं. उलट्या-जुलाब झाले, ताप आला, खूप घाम गेला की शरीरातलं पाणी घटतं आणि रक्तातलं लिथियम चढतं, तेव्हा थांबायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. आणि डोकं दुखलं म्हणून घरातली आयबुप्रोफेन द्यायची नाही, तिनंही पातळी चढते. पॅरासिटॅमॉल चालते. हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं ही पातळी फार चढल्याची खूण, सरळ इस्पितळ. या औषधात उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून तर ते मधूनमधून रक्त तपासतात.

मग आजाराची चाहूल. पुस्तकातली नको, तुमच्या मुलाची. तेजीच्या आधी बहुतेकांची झोप कमी होते, आणि कमी झोपूनही माणूस दमलेला दिसत नाही. तुम्हाला याहून बारीक काहीतरी माहीत असणार. एक आई मला म्हणाली होती, माझा मुलगा आधी घरातल्या वस्तूंच्या जागा बदलायला लागतो. असलं सोनं कुठल्याच फायलीत नसतं.

@तिरकस यांचा रात्री दोनचा प्रश्न: एक रात्र झोप उडाली तर दिवे मंद, आवाज कमी, वाद नाही, सकाळी डॉक्टरांना फोन. दुसरी रात्रही गेली तर वाट बघायची नाही. इजा करण्याची भाषा निघाली तर त्याच क्षणी इस्पितळ, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. इतकं ठरलेलं असलं की मावशीला तुम्हाला विचारत बसावं लागत नाही.

वाचनमात्र

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाला स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल एक विचित्र गोष्ट दिसली. इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेले लोक, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. पुढच्या अभ्यासांत घरातलं वातावरण मोजायला लागले: सतत टीका, राग, आणि तिसरी गोष्ट म्हणजे अति गुंतणं. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला तर धोका वाढलेला दिसला. बायपोलरमध्येही नंतर असंच काहीसं आढळलं.

पारिजातक

म्हणजे शेवटी दोष आईचाच. छान.

वाचनमात्र

नाही नाही, तसं अजिबात म्हणायचं नाही. आजार घरच्यांमुळे होतो असं त्यातून निघत नाही. सांभाळून दमलेलं माणूस चिडतं किंवा चिकटतं, आणि दोन्ही त्या मुलाला जड जातं, एवढंच. माझा रोख ३५ तासांवर होता. आई दोन दिवस बाहेर गेली तर तेवढे तास मुलाच्याही वाट्यातून कमी होतात. सुट्टी एकट्या आईला मिळत नाही.

त्यावरून आठवलं, बेल्जियममध्ये खेल (Geel) नावाचं गाव आहे. तिथली साधी कुटुंबं शतकानुशतकं मानसिक रुग्णांना आपल्या घरी ठेवून घेतात. त्या कुटुंबांना आजाराचं नाव सांगायची पद्धत नाही. माणूस कसा वागतो, त्याला काय लागतं, एवढ्यावर ते घर चालवतात. मावशीला निदानाचं व्याख्यान देण्यापेक्षा परिचारिका ताईंचं एक पान बरं, ते यासाठीच.

गच्चीवरचा

मी २४ वर्षांचा आहे, आणि या धाग्यात ज्याच्याबद्दल चाललंय 'तो' मी आहे. म्हणजे तुमचा मुलगा नाही, पण कळलं ना.

माझी आईही अशीच दाराबाहेर उभी राहायची. तिला वाटायचं मला कळत नाही. दाराखालच्या फटीतून पावलांची सावली दिसते हो काकू. मी आत नुसता शांत बसलेला असलो तरी पाणी चालू ठेवायचो, तिला बरं वाटावं म्हणून. तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांवर पहारा करत होतो.

ती पहिल्यांदा मामाकडे चार दिवस गेली तेव्हा मी घाबरलो, खोटं नाही सांगत. तिसऱ्या दिवशी मात्र दुपारी झोप लागली. कुणी श्वास बघायला आलं नाही.

त्याला काय सांगायचं? खरं सांगा. 'मी दमलेय' म्हणा. 'तुझ्यामुळे' जोडू नका, आणि 'तुझ्यासाठीच करतेय' हे तर नकोच नको, ते आम्हाला लगेच ओळखू येतं. कधी जाणार, कधी येणार ते तारीखवार सांगा आणि त्याच वेळेला परत या. लवकरसुद्धा येऊ नका. लवकर आलात की त्याचा अर्थ भरवसा नव्हता. आणि ते एक पान त्याच्यासोबत लिहा. मावशीला काय कळावं आणि काय नको, हे त्याला ठरवू द्या, जिवाशी संबंधित तेवढं सोडून.

अर्धीझोप

सगळ्यांना एकेक उत्तर द्यायचं होतं, पण @गच्चीवरचा वाचल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही. दाराखालची फट मी जाऊन बघितली. दिसते सावली.

काल त्याला सांगितलं. तो फोनमध्ये डोकं घालून होता. म्हटलं, मी फार दमलेय, मावशी येईल, मी दोन दिवस मैत्रिणीकडे जाणार आहे. म्हणाला, "धाकटीला ने बरोबर." मला वाटलं तो चिडलाय. मग म्हणाला, "तिला पण कंटाळा येतो." बस, एवढंच.

पान लिहायला बसलो. डॉक्टरांचे नंबर, गोळ्या, पाणी हे मी लिहिलं. 'आधीची लक्षणं' या मथळ्याखाली मी लिहिलं, झोप कमी होते. त्यानं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'गाणी एकाच वेळी दोन लावतो.' आठ महिन्यांपूर्वी मी त्यावरून त्याला ओरडले होते, आवाज कमी कर म्हणून. 'काय करू नये' याखाली त्यानं एकच ओळ लिहिली: 'बाथरूमबाहेर उभं राहू नये.' मावशीसाठीच लिहिली, असं म्हणाला.

पारिजातक ताईंचं ऐकून लगेच दोन दिवस नाही. शनिवारी चार ते सहा, बहीण घरी आणि मी बाहेर. जिन्यात बसून राहणार नाही असं त्याला कबूल केलंय. दोन तास जायचं कुठे हे मात्र सुचत नाहीये, इतक्या दिवसांत कधी प्रश्नच आला नाही.

@दुसरी_पाळी, एक राहिलं. कपाटाची किल्ली बहिणीकडे द्यायची, की पाकिटं तिच्याकडे आणि किल्ली माझ्याबरोबर?

दुसरी_पाळी

पाकिटं तिच्याकडे. किल्ली तिसऱ्या घरी, त्या फोनवरच्या नातेवाइकाकडे. तुमच्या गळ्यात नको. आणि शनिवारी सहाला या, पावणेसहाला नाही.