बडोद्याच्या घराण्यांसाठी छापील साधने आधी पाहावीत

वर एका सदस्यांनी म्हटले आहे की बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचा शोध पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून, म्हणजे पेशवेकाळातील सरकारी कागदपत्रांच्या संग्रहापासून, सुरू करावा आणि त्या कागदांची मोडी लिपी येत नसेल तर वाट बंदच समजावी. १८१८ पूर्वीच्या काळापुरते पहिले म्हणणे मला मान्य आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ नंतर, संस्थानच्या नोकरीसाठी इकडे आले, आणि त्या काळाची कागदपत्रे बडोद्यातच शोधायला हवीत.

माझ्या पणजोबांचा माग मला मोडी कागदात नव्हे, तर छापील साधनांत लागला. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना आणून उभारलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात संस्थानच्या जुन्या प्रकाशनांतील नोकरवर्गाच्या याद्या चाळताना त्यांचे नाव, खाते आणि नेमणुकीचे वर्ष मिळाले. हे तीन तपशील हाती असल्याशिवाय बडोद्याच्या अभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तेथील दफ्तरे खातेवार लावलेली असतात आणि केवळ आडनावावरून कर्मचाऱ्यांना काहीही काढून देता येत नाही. मोडी वाचणाऱ्याची गरज त्यानंतर पडते, आणि तीही नेमक्या, मोजक्या पानांपुरती.