त्रिमितीय अ‍ॅरेचा क्रम बदलताना रिशेप आणि ट्रान्सपोज यांची उत्तरे वेगळी का येतात?

प्रश्न

नमस्कार. ओपनसीव्ही या प्रतिमा हाताळणाऱ्या लायब्ररीने वाचलेली एक रंगीत प्रतिमा माझ्याकडे नम्पाय (पायथनची संख्या हाताळणारी लायब्ररी) अ‍ॅरेच्या, म्हणजे संख्यांच्या तक्त्याच्या, रूपात आहे. तिचा आकार ४८०, ६४०, ३ असा, म्हणजे ओळी, स्तंभ आणि चॅनेल (रंगाचे घटक) या क्रमाने आहे. पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीतील मॉडेलला मात्र चॅनेल आधी लागतात, म्हणजे ३, ४८०, ६४०. रिशेप आणि ट्रान्सपोज या दोन्हींनी हाच आकार मिळतो आणि कुठेही एरर येत नाही, परंतु रिशेपनंतरची प्रतिमा पूर्णपणे विस्कटलेली दिसते. आकार एकच असताना आतील क्रम नेमका कुठे बदलतो, हे मला मुळापासून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १

अ‍ॅरे कितीही मितींचा असला तरी मेमरीत त्याची मूल्ये एकाच सरळ रांगेत बसलेली असतात. आकार केवळ ती रांग कशी मोजायची एवढेच सांगतो. रिशेप रांगेचा क्रम तसाच ठेवून तिचे नव्याने तुकडे पाडते, तर ट्रान्सपोज अक्षांची, म्हणजे मितींची, अदलाबदल करते. पहिली ओळ १ २ ३ आणि दुसरी ४ ५ ६ असा छोटा अ‍ॅरे घ्या. रिशेपने त्याच्या तीन ओळी केल्यास त्या १ २, ३ ४, ५ ६ अशा पडतात. ट्रान्सपोजने १ ४, २ ५, ३ ६ अशा.

आता आपल्या प्रतिमेकडे पाहू. तिच्या एका ओळीत ६४० पिक्सेल आणि प्रत्येकाची तीन मूल्ये, अशी १९२० मूल्ये आहेत. रिशेप त्यांच्या ६४०-६४० मूल्यांच्या तीन ओळी करते, आणि पहिल्या चॅनेलमध्ये केवळ निळा रंग येण्याऐवजी मूळ प्रतिमेच्या वरच्या १६० ओळींचे तिन्ही रंग एकापाठोपाठ येऊन बसतात. एकूण ९,२१,६०० मूल्यांची संख्या जुळत असल्यामुळे नम्पायला हरकत घेण्याचे कारणच उरत नाही, आणि म्हणूनच ही चूक मला अतिशय घातक वाटते. आपल्याला ट्रान्सपोजच हवे, अक्षांचा क्रम (मोजणी ० पासून) २, ०, १ असा देऊन.

उत्तर २

वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. ट्रान्सपोज मूल्ये जागची हलवत नाही, ते फक्त स्ट्राइड बदलते. प्रत्येक अक्षावर एक पाऊल पुढे जाण्यासाठी किती बाइट ओलांडायचे, ते स्ट्राइड सांगते. आठ बिटांच्या या प्रतिमेचे स्ट्राइड १९२०, ३, १ असतात आणि ट्रान्सपोजनंतर ते १, १९२०, ३ होतात. त्यामुळे हे काम जवळजवळ फुकटात होते, परंतु नव्या अ‍ॅरेत काही लिहिल्यास मूळ प्रतिमाही बदलते.

ओपनसीव्हीचा निळा-हिरवा-लाल क्रम उलटवण्यासाठी उणे एकचे स्लाइसिंग (मूल्ये उलट्या क्रमाने घेणे) केले, तर स्ट्राइड ऋण होतो आणि असा अ‍ॅरे पायटॉर्च थेट स्वीकारत नाही. अशा वेळी नम्पायचे ‘अ‍ॅझ-कॉन्टिग्युअस-अ‍ॅरे’ हे फंक्शन वापरून सलग प्रत करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग ट्रान्सपोज केलेल्या अ‍ॅरेवर लूप चालवताना वेगात फरक पडतो का?

उत्तर २

निश्चितच पडतो, विशेषतः सी किंवा सी++ मध्ये. प्रोसेसर मेमरीतून एकेक मूल्य न आणता बहुधा ६४ बाइटांची कॅशे लाइन (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत, म्हणजे कॅशेत, येणारा सलग तुकडा) आणतो, म्हणजे आठ बाइटांची आठ मूल्ये एकदम येतात. सर्वांत आतला लूप सर्वांत लहान स्ट्राइडच्या अक्षावर असेल तर ती आठही कामी येतात; मोठ्या अ‍ॅरेत उलट क्रमाने फिरल्यास एकच वापरले जाते आणि उरलेली वापरण्याआधीच कॅशेबाहेर पडू शकतात. पायथनमध्ये मात्र एकेका मूल्यावर लूप लिहूच नये, नम्पायची तयार फंक्शने वापरावीत.

उत्तर ३

मॅटलॅब, फोरट्रान किंवा ज्युलियामधून येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथे रांग स्तंभांनुसार लागते. वरच्याच १ ते ६ च्या अ‍ॅरेला मॅटलॅबमध्ये रिशेप केल्यास ओळी १ ५, ४ ३, २ ६ अशा मिळतात. नम्पायमध्ये तेच उत्तर हवे असेल तर रिशेपला ‘ऑर्डर’ म्हणून ‘एफ’ द्यावे लागते.