मदत हवी आहे: सेवाभावाने शिकवताना शेरे कसे द्यावेत?

पदवीचा वर्ग, 60 विद्यार्थी. तासाच्या शेवटी 2 मिनिटं निनावी चिठ्ठी: 'आज कुठे अडलं?' पुढच्या तासाची पहिली 5 मिनिटं त्याच उत्तरांना. हे छान चालतं, फक्त उत्तर पुढच्याच तासाला मिळायला हवं. एकदा राहून गेलं की चिठ्ठ्या कोऱ्या येऊ लागतात.

खरी अडचण असाइनमेंटच्या शेऱ्यांची आहे. चूक दुरुस्त करून दिली, तर मुलं तेवढीच ओळ बदलून देतात. नुसतं 'पुन्हा बघा' लिहिलं, तर बुजरी मुलं विचारायलाच येत नाहीत, आणि मदत नेमकी त्यांनाच हवी असते. सध्याचा मार्ग असा: चुकलेल्या ओळीशेजारी समासात टिंब, खाली एकच प्रश्न ('ही पायरी कोणत्या नियमाने आली?') आणि 3 दिवसांत पुन्हा सादर करायची मुभा. एका वहीला 6 मिनिटं धरली तरी 6 तास जातात, दुसरी फेरी वेगळीच.

पहिली फेरी मुलांनी एकमेकांची तपासावी का? गुण न देता, फक्त प्रश्न लिहून? जोड्या कशा लावता, आणि कच्च्या मुलाला ओशाळं वाटू नये म्हणून काय करता? कृपया करून पाहिलेलंच सांगा.