पावडर की पाव किलो पनीर? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

परवा रात्री लेकाने जेवणाच्या टेबलावर प्रोटीन पावडरीचा डबा उघडला आणि सासूबाईंनी विचारलं, "हे काय रे, सिमेंट?" तेव्हापासून आमच्या रावपुऱ्यातल्या घरात दोन पक्ष पडलेत.

मी वही घेऊन बसले. लेक ६५ किलोचा. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आकडा किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ५४. पण वजनं उचलून स्नायू वाढवायचे तर साधारण १.६ धरतात, म्हणजे १०४. आमचं पातळ वरण वाटीला पाच ग्रॅमसुद्धा धड देत नाही. एक पोळी तीन ग्रॅम, ग्लासभर दूध सात-आठ. दिवसाची बेरीज पन्नाशीतच अडकली. उरलेले पन्नास कुठून आणायचे? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी लिहा. "आमच्या वेळी" जरा जपून.

दांडिया बाजार, वय ७१
जपूनच लिहितो. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो. जोर, बैठका, मल्लखांब, आणि घरी आल्यावर भिजवलेले चणे, गूळ, दूध. अंग काटक झालं, पण दंड आजच्या पोरांसारखे कधीच नव्हते. आम्हाला ते नकोच होते. मल्लखांबावर जड अंगाची अडचणच होते. गामा पैलवानाने १९०२ साली उचलला असं सांगतात तो दगड सयाजीबागेतल्या संग्रहालयात पाहून आलो की आई वाटीभर दूध जास्त द्यायची. तेवढंच आमचं सप्लिमेंट.

फतेहगंज, पीजीत राहते
आमच्याकडे अंडी आणायला बंदी, गॅस नाही, फक्त किटली. मेसची डाळ गोड आणि पारदर्शक. सहा महिने सोयावड्या किटलीतल्या पाण्यात भिजवून, पिळून, दही-मसाला घालून खाल्ल्या. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २६ ग्रॅम प्रोटीन, पैशाने सगळ्यात स्वस्त. फायदा झाला, स्क्वॉटचं वजन वाढत गेलं. पण सातव्या महिन्यात वासानेच मळमळायला लागलं. आता सकाळी एक स्कूप व्हे (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) घेते, त्यात २४ ग्रॅम प्रोटीन. सुरुवातीला पोट फुगायचं, कारण कॉन्सन्ट्रेट म्हणजे साध्या व्हे पावडरीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. आयसोलेट, म्हणजे लॅक्टोज बहुतेक काढलेली पावडर घेतल्यावर थांबलं, खिसा मात्र हलका झाला. वड्या रविवारी अजून खाते, घरी आल्यावर. आईच्या हातच्या.

कारेलीबाग, गृहिणी
अहो, व्हे म्हणजे पनीरचं पाणीच ना? मी चाळीस वर्षं त्यात कणीक भिजवतेय! आम्ही सगळे पैलवान व्हायला हवे होतो.

अलकापुरी, डेअरीतून निवृत्त
काकू, थोडा फरक आहे. पनीरला आपण दूध चांगलं तापवतो, त्यामुळे व्हे प्रोटीनचा बराचसा भाग पनीरमध्येच अडकतो आणि पाण्यात फार थोडं उरतं. पावडरीसाठी मुख्यतः चीजचं पाणी वापरतात. तिथे दूध तितकं तापवत नाहीत. मग ते पाणी बारीक गाळण्यांतून काढून वाळवतात. कणीक भिजवत राहा, पोळ्या मऊ होतात.

मांजलपूर
माझा अनुभव कडू आहे. ओळखीच्या एका विक्रेत्याने नावाजलेल्या पावडरीच्या डब्याची अर्धी किंमत सांगितली. सील ठीक, छपाई ठीक. दोन महिने घेतली. तळाला पिठूळ गाळ बसायचा म्हणून लेकीच्या शाळेच्या प्रयोगातलं आयोडीन टाकून पाहिलं. निळं-काळं! व्हॅनिला चव होती, म्हणजे कोकोतला स्टार्च म्हणायचीही सोय नाही. सरळ पीठ. पैसे परत मागितले तर "तुमच्या पाण्यात काहीतरी असेल" असं उत्तर मिळालं. तेव्हापासून मूठभर चणे, दोनशे ग्रॅम पनीर, चार अंडी. घरचे अंड्यांकडे बघून नाक मुरडतात; मुरडू दे.

वाडी
सेव-उसळीचं कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. वाटाण्यात प्रोटीन आहे. सेव, तर्री आणि चार पावांबद्दल विचारू नका.

पुन्हा रावपुऱ्याहून
वाचून दाखवलं सगळ्यांना. काल सोयावड्यांचा रस्सा केला, घट्ट वरण केलं, दही विरजलं. बेरीज ८० च्या पुढे गेली. लेक म्हणाला, "बरं झालंय." तरी डबा काढलाच, पण अर्धा स्कूप. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी वाटी पुढे केली. म्हातारपणीही स्नायू झडतात, त्यांनाही प्रोटीन लागतंच, असं लेकाने सांगितलं होतं. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "वेलदोडा घाल थोडा."